पोटॅशियम पुन्हा पुन्हा का उतरतं? शोग्रेन सिंड्रोममधला डिस्टल आरटीए ओळखण्याची वाट

डिस्चार्ज कार्डावर 'हायपोकॅलेमिक पॅरालिसिस', म्हणजे रक्तातलं पोटॅशियम उतरल्याने आलेला लुळेपणा, असं लिहिलेलं असतं. दोन दिवस सलाईनमधून पोटॅशियम दिलेलं असतं, बाई स्वतःच्या पायांनी चालत घरी जाते आणि निदान झालं असं सगळ्यांना वाटतं. खरं तर निदानाला तिथून सुरुवात व्हायला हवी. पोटॅशियम कमी होणं हे तापासारखंच एक लक्षण आहे. ते कुठल्या वाटेने गेलं आणि का गेलं, हे त्याच दिवशी विचारलं नाही, तर काही महिन्यांनी तोच प्रसंग पुन्हा येतो. दरम्यान हाडं ठिसूळ होत राहतात आणि किडनीत कॅल्शियम साचत राहतं.

या प्रश्नाचं एक उत्तर फार वेळा राहून जातं. ते म्हणजे डिस्टल रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस, थोडक्यात डिस्टल आरटीए: किडनीच्या नलिकांचा शेवटचा भाग आम्ल बाहेर टाकू शकत नाही, असा आजार. हा आजार प्रौढ वयात पहिल्यांदा दिसला, विशेषतः तिशी-चाळिशीतल्या स्त्रीला, तर मागे एखादा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार आहे का हे शोधलंच पाहिजे, आणि त्या यादीत पहिलं नाव शोग्रेन सिंड्रोमचं, ज्यात अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर हल्ला होऊन डोळे-तोंड कोरडे पडतात. ल्युपस, ऑटोइम्यून थायरॉइड, ऑटोइम्यून हिपॅटायटिस आणि प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस यांच्यासोबतही तो दिसतो. आजार दुर्मीळ आहे, पण त्याच्या खुणा साध्या, स्वस्त रिपोर्टांमध्ये असतात. त्या वाचायच्या कशा, हे इथे क्रमाने दिलं आहे.

किडनीत नेमकं काय बिघडतं

रोजच्या अन्नातून, मुख्यतः प्रथिनांतून, शरीरात वजनाच्या दर किलोमागे साधारण १ मिलिमोल आम्ल तयार होतं. म्हणजे ५० किलोच्या बाईच्या किडनीला रोज ५० मिलिमोल आम्ल लघवीवाटे बाहेर टाकावं लागतं. हे काम किडनीतल्या नलिकांच्या शेवटच्या टप्प्यातल्या अल्फा इंटरकॅलेटेड पेशींचं. त्यांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आयन लघवीत ढकलणारे प्रोटॉन पंप असतात. शोग्रेनमध्ये ज्या लिम्फोसाइट पेशी अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर चालून जातात, त्याच या नलिकांभोवतीही जमतात. काही रुग्णांच्या बायोप्सीत हे पंप पेशींमधून नाहीसे झालेले आढळले आहेत.

मग रक्तात आम्ल साचतं आणि लघवी मात्र पुरेशी आम्लधर्मी होत नाही. हायड्रोजन बाहेर जाऊ शकत नाही म्हणून नलिकेत पोटॅशियम जास्त वाहून जातं. साचलेलं आम्ल शमवायला शरीर हाडांतले क्षार वापरतं, त्यामुळे हाडं मऊ पडतात. हाडांतून सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं, लघवीतलं सायट्रेट घटतं आणि अशा लघवीत कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात. खडे कधी मूत्रमार्गात असतात, तर कधी किडनीच्या गाभ्यातच सगळीकडे पसरलेले असतात. या दुसऱ्या प्रकाराला नेफ्रोकॅल्सिनोसिस म्हणतात.

रक्त गाळणारा भाग, म्हणजे ग्लोमेरुलस, सुरुवातीला बहुधा शाबूत असतो. त्यामुळे क्रिएटिनिन नॉर्मल येतं, लघवीत प्रोटीन जवळजवळ नसतं आणि 'किडनी ठीक आहे' असं सांगितलं जातं. निदान हुकण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. क्रिएटिनिनवरून किडनी किती गाळते ते कळतं, नलिका काय करतात ते कळत नाही.

पायरी १: झटका ओळखणे आणि जीव सांभाळणे

बहुधा पहाटे किंवा सकाळी उठताना मांड्या उचलत नाहीत. मग दंड आणि खांदे जड होतात, मान उशीवरून उचलत नाही. शुद्ध पूर्ण असते, स्पर्श नीट कळतो, चेहरा वाकडा होत नाही, लघवीवरचा ताबा जात नाही. दोन्ही बाजू साधारण सारख्याच लुळ्या पडतात, म्हणून हा अर्धांगवायू नाही. गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराशी मात्र गल्लत होते. तिथे मुंग्या येतात, ताकद काही दिवसांत हळूहळू कमी होत जाते, चेहऱ्याचे स्नायूही अनेकदा धरले जातात आणि रक्तातलं पोटॅशियम ठीक असतं. पोटॅशियमची तपासणी तासाभरात होते. लुळेपणा घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाची ती आधी करावी.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत घरच्यांनी एक गोष्ट बघावी. रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला सांगा. वीसपर्यंतही पोहोचता येत नसेल, आवाज क्षीण असेल किंवा थुंकी गिळता येत नसेल, तर श्वसनाचे स्नायू थकत आहेत. अशा वेळी आयसीयू असलेलं रुग्णालयच गाठावं.

रुग्णालयात ईसीजी लगेच काढतात. टी लहर चपटी आणि तिच्यामागे वेगळी यू लहर दिसली, तर पोटॅशियम हृदयाला जाणवण्याइतकं खाली गेलं आहे. शिरेतून पोटॅशियम देताना तीन चुका जीवघेण्या ठरू शकतात.

पहिली, डेक्स्ट्रोजच्या सलाईनमध्ये पोटॅशियम घालणं. साखरेमुळे इन्शुलिन सुटतं, इन्शुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं आणि रक्तातलं आणखी उतरतं. नॉर्मल सलाईनच वापरायचं.

दुसरी, वेग. १५ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये २० मिलिमोल असतात. ती थेट शिरेत कधीही टोचायची नाही. हातातल्या शिरेतून साधारण १ लिटरमध्ये ४० मिलिमोलपर्यंत आणि ताशी १० मिलिमोल हा नेहमीचा वेग. त्याहून वेगाने, ताशी २० पर्यंत, द्यायचं झाल्यास मॉनिटरवर आणि मोठ्या शिरेतून.

तिसरी चूक या आजारात खास घातक आहे. बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) कमी दिसलं म्हणून पोटॅशियम भरून येण्याआधीच सोडाबायकार्बचं इंजेक्शन देणं. आम्ल शमताच रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं आणि श्वसनाचे स्नायू बंद पडू शकतात. आधी पोटॅशियम, मग बायकार्बोनेट. मॅग्नेशियमही तपासावं. ते कमी असेल तर कितीही पोटॅशियम द्या, किडनी ते टिकू देत नाही.

लघवी चहासारखी गडद झाली असेल, तर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासावं. पोटॅशियम फार उतरल्यावर स्नायूपेशी फुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन किडनीला इजा करतं.

पायरी २: पोटॅशियम चढवण्याआधी नमुने घेणे

उपचारात एक मिनिटही उशीर न करता हे जमतं, तरी नेमकं हेच राहतं. सलाईन लावतानाच रक्ताचे आणि लघवीचे नमुने घेऊन ठेवावेत.

रक्तात: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, ब्लड गॅस (रक्तातलं आम्ल आणि वायू मोजणारी तपासणी), क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, साखर, एकूण प्रोटीन आणि अल्ब्युमिन, टीएसएच.

लघवीत (एकाच वेळच्या साध्या नमुन्यात): पीएच, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, क्रिएटिनिन, प्रोटीन, साखर, आणि कल्चर.

आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये 'सीरम इलेक्ट्रोलाइट्स' मागितलं की सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढेच आकडे येतात. बायकार्बोनेट त्यात नसतं. ते ब्लड गॅसमध्ये येतं आणि ब्लड गॅस वेगळी मागावी लागते. बायकार्बोनेटपुरतं शिरेतलं रक्तही चालतं, दर वेळी धमनीत सुई घालायची गरज नाही. सिरिंजमध्ये द्रव हेपरिन जास्त राहिलं तर बायकार्बोनेट खोटंच कमी येतं, म्हणून ते फवारून टाकून मगच रक्त ओढायचं, बुडबुडा काढायचा आणि नमुना लगेच मशीनवर लावायचा.

ब्लड गॅसची सोय नसेल, तरी हातातल्या रिपोर्टातून अंदाज बांधता येतो. सोडियममधून क्लोराइड वजा करा. निरोगी माणसात ही वजाबाकी ३६ च्या आसपास येते. ती ३० च्या खाली असेल तर रक्तात आम्ल साचल्याचा दाट संशय घ्यावा. रिपोर्टात क्लोराइडपुढे 'हाय' छापलेलं असतं, आणि पोटॅशियमच्या गडबडीत त्याकडे कुणी बघत नाही.

पायरी ३: रक्ताचा रिपोर्ट वाचणे

समजा, सोडियम १३८, पोटॅशियम २.१, क्लोराइड ११४, बायकार्बोनेट १४ आणि क्रिएटिनिन ०.९ आलं. (काही लॅब मिलिमोल छापतात, काही मिलिइक्विव्हॅलंट. या चार क्षारांसाठी आकडा तोच.)

अ‍ॅनायन गॅप काढा: सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा. १३८ − ११४ − १४ = १०. नॉर्मल साधारण ८ ते १२. म्हणजे आम्ल साचलं आहे, पण ते लॅक्टिक आम्ल किंवा मधुमेहातले कीटोन नाहीत. बायकार्बोनेट गेलं आणि त्याची जागा क्लोराइडने घेतली. कमी पोटॅशियम, कमी बायकार्बोनेट, नॉर्मल अ‍ॅनायन गॅप, ही त्रयी दिसली की पुढची पायरी ठरलेली.

त्याच ब्लड गॅसमधून आणखी एक मोलाची गोष्ट कळते. बायकार्बोनेट कमी झालं की माणूस जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड उतरवतो. तो किती उतरायला हवा, हे काढण्यासाठी बायकार्बोनेटला १.५ ने गुणून ८ मिळवा. १४ ला २९ येतात, दोन इकडे-तिकडे. धमनीच्या नमुन्यात तो आकडा ४० असेल, तर दिसायला 'नॉर्मल' असूनही तो धोक्याचा आहे. श्वसनाचे स्नायू साथ देत नाहीत असा त्याचा अर्थ, आणि व्हेंटिलेटरची तयारी ठेवावी लागते.

पायरी ४: लघवीचा रिपोर्ट वाचणे

पहिला प्रश्न: पोटॅशियम किडनीतून जातंय का? रक्तात पोटॅशियम कमी असताना किडनीने ते राखून ठेवायला हवं. लघवीतलं पोटॅशियम भागिले लघवीतलं क्रिएटिनिन काढा. लघवीत पोटॅशियम ३५ मिलिमोल प्रतिलिटर आणि क्रिएटिनिन ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे लिटरमागे ०.७ ग्रॅम, असेल तर भागाकार ५० येतो. ग्रॅममागे १३ पेक्षा जास्त आलं, तर गळती किडनीतूनच आहे.

दुसरा प्रश्न: लघवी आम्लधर्मी होतेय का? रक्तात आम्ल साचलेलं असताना निरोगी किडनी लघवीचा पीएच ५.३ च्या खाली नेते. डिस्टल आरटीएमध्ये तो वरच राहतो, बहुधा ६ च्या पुढे.

तिसरा प्रश्न: अमोनियम पुरेसं बाहेर पडतंय का? अमोनियम थेट मोजण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणून युरिन अ‍ॅनायन गॅप काढतात: लघवीतलं सोडियम अधिक पोटॅशियम वजा क्लोराइड. ६० + ३५ − ७० = अधिक २५. उत्तर धन आलं तर अमोनियम कमी पडतंय, म्हणजे दोष नलिकेत. जुलाबांमुळे आम्ल साचलं असेल, तर किडनी भरपूर अमोनियम टाकते आणि उत्तर ऋण येतं.

हे आकडे कुठे फसवतात

लघवीचा नमुना टेबलावर दोन तास पडला तर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, जंतू वाढतात आणि पीएच आपोआप चढतो. ताजी लघवी हवी. शक्य असेल तिथे पट्टीऐवजी पीएच मीटरवर मोजावी. पट्टीचा रंग डोळ्यांनी जुळवताना अर्ध्या आकड्याची चूक सहज होते आणि इथे सगळा निर्णय तेवढ्याच फरकावर असतो.

प्रोटियससारखे युरिया फोडणारे जंतू लघवीत असतील तर ती अल्कधर्मी होते. म्हणून कल्चर.

जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलेलं असेल, तर लघवीतलं सोडियम तळाला जातं आणि निरोगी नलिकाही आम्ल नीट टाकू शकत नाही. लघवीतलं सोडियम २५ मिलिमोलपेक्षा कमी असेल तर पीएच आणि गॅप, दोन्हींवर विश्वास ठेवू नये. पाणी-मीठ भरून निघाल्यावर पुन्हा तपासावं. पोटॅशियम दीर्घकाळ फार कमी असलं तरी किडनीत अमोनिया वाढून पीएच चढतो. म्हणून पोटॅशियम ३.५ च्या वर आल्यावर हीच तपासणी एकदा पुन्हा करून घेणं शहाणपणाचं.

रक्ताच्या नमुन्यातली चूक उलट्या दिशेची असते. बारीक सुई, घट्ट बांधलेला पट्टा आणि हलवलेली नळी यांनी लाल पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं आणि २.८ चं ३.६ होऊन सगळं ठीक वाटतं. रिपोर्टात 'हीमोलाइज्ड' शेरा असेल तर नमुना पुन्हा द्यावा.

पायरी ५: सारखे दिसणारे आजार वेगळे काढणे

थायरॉइड वाढल्याने येणारा लुळेपणा आणि आनुवंशिक पिरिऑडिक पॅरालिसिस यांत पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही, फक्त पेशींत शिरतं. त्यामुळे बायकार्बोनेट नॉर्मल असतं आणि लघवीतलं पोटॅशियम कमी. थायरॉइडचा प्रकार पुरुषांत जास्त. आनुवंशिक प्रकार बहुधा विशीच्या आत सुरू होतो आणि घरात आणखी कुणाला असतो. या दोन्हींत पोटॅशियम आखडत्या हाताने द्यावं लागतं, कारण पेशींतलं परत बाहेर आलं की ते धोक्याच्या पातळीवर जातं. आरटीएमध्ये याउलट शरीरातला साठाच काहीशे मिलिमोलने रिता झालेला असतो.

पोटॅशियम कमी पण बायकार्बोनेट जास्त असेल तर विचार बदलतो: उलट्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, गिटेलमन सिंड्रोम (नलिकांचा जनुकीय आजार), रक्तदाबही वाढलेला असेल तर अल्डोस्टेरॉनची गाठ. घसा किंवा पित्तासाठी महिनोन्महिने भरपूर जेष्ठमध घेणाऱ्यांतही हेच चित्र दिसतं, म्हणून ते आवर्जून विचारावं.

रक्तातली साखर नॉर्मल असून लघवीत साखर, शिवाय फॉस्फरस आणि युरिक अ‍ॅसिड कमी, असं असेल तर दोष नलिकेच्या सुरुवातीच्या भागात आहे. तो फॅन्कोनी सिंड्रोम. शोग्रेनमध्ये क्वचित तोही होतो.

औषधांमध्ये टोपिरामेट, लिथियम आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी यांची नावं विचारावीत. तरुण मुलगा असेल तर थिनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगण्याबद्दल न रागावता, एकट्यात विचारावं. त्यातलं टोल्युईन हुबेहूब असंच चित्र निर्माण करतं. लहानपणापासून खडे, खुंटलेली वाढ आणि कमी ऐकू येणं असेल तर आजार जनुकीय आहे.

पायरी ६: शोग्रेनच्या खुणा शोधणे

स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. 'तोंड कोरडं पडतं का' असं विचारलं तर बऱ्याच जणी नाही म्हणतात, कारण त्यांना त्याची सवय झालेली असते. प्रश्न नेमके हवेत.

भाकरी किंवा चिवडा पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येतो का? झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या लागतो का? गेल्या काही वर्षांत दात हिरडीच्या कडेने किडून एकामागून एक तुटलेत का? डोळ्यांत तीन महिन्यांहून जास्त काळ रोज वाळू गेल्यासारखी खुपते का? कांदा चिरताना पूर्वीसारखं पाणी येतं का? कानाखाली गालफुगीसारखी सूज येऊन गेली का, एकदा नव्हे तर अनेकदा? बराच वेळ उभं राहिल्यावर नडग्यांवर लालसर-जांभळे ठिपके उठतात का? रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं का? हा शेवटचा त्रास मधुमेह समजून तपासला जातो, साखर नॉर्मल येते आणि विषय तिथेच थांबतो. पोटॅशियम दीर्घकाळ कमी असलं की किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून हे होतं.

जुनी फाईल उघडून दोन गोष्टी बघाव्यात. एकूण प्रोटीन ९ आणि अल्ब्युमिन ४ असेल तर उरलेले ५ ग्लोब्युलिन आहेत, म्हणजे खूपच जास्त. आणि ईएसआर ८० असून सीआरपी जवळजवळ नॉर्मल. हे दोन्ही शोग्रेनमध्ये अनेकदा दिसतं आणि 'इन्फेक्शन असेल' म्हणून सोडलं जातं. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरही अनेकदा पॉझिटिव्ह येतो, त्यावरून संधिवाताचा शिक्का बसतो आणि तपास थांबतो.

कोरडेपणाची एकही तक्रार नसली तरी पुढच्या तपासण्या कराव्यात. किडनीचा त्रास कोरडेपणाच्या काही वर्षं आधी येऊ शकतो.

एसीआर आणि युलार या अमेरिकन व युरोपीय ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनांच्या २०१६ च्या निकषांत गुण दिले जातात आणि ४ किंवा अधिक झाले की आजार शोग्रेन गटात बसतो. रक्तात अँटी-एसएसए, म्हणजेच अँटी-रो, पॉझिटिव्ह असेल तर ३. खालच्या ओठाच्या आतल्या बारीक लाळग्रंथींच्या बायोप्सीत फोकस स्कोअर (जमलेल्या लिम्फोसाइटच्या पुंजक्यांचं मोजमाप) १ किंवा जास्त असेल तर ३. अश्रू मोजणाऱ्या शर्मर चाचणीत पापणीला लावलेली कागदी पट्टी ५ मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा कमी भिजली तर १. डोळ्यांच्या रंगद्रव्य तपासणीत स्कोअर ५ किंवा जास्त असेल तर १. न चावता, न चोखता जमलेली लाळ मिनिटाला ०.१ मिली किंवा कमी असेल तर १. म्हणजे अँटी-रो आणि शर्मर एवढ्यावरही निदान होऊ शकतं आणि हे दोन्ही जिल्ह्याच्या ठिकाणी शक्य आहे.

नुसती एएनए (ऑटोइम्यून आजारांची प्राथमिक रक्ततपासणी) निगेटिव्ह आली म्हणून थांबू नये. अँटी-रो असूनही एएनए कधी निगेटिव्ह येते. अँटी-रो वेगळं किंवा एएनए प्रोफाइलमधून करून घ्यावं. प्रोफाइलमध्ये फक्त रो-५२ ची पट्टी उमटली असेल, तर तो पुरावा दुबळा, कारण ती इतर आजारांतही दिसते.

ओठाची बायोप्सी जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते. त्यात निदान चार-पाच ग्रंथी यायला हव्यात, नाहीतर अहवाल 'अपुरा नमुना' असा येतो. स्टेरॉइड सुरू करण्याआधी ती करावी, कारण औषधाने जमलेल्या पेशी विरून जाऊ शकतात. शर्मर आणि लाळेच्या तपासणीआधी सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत का ते सांगावं. त्यांनीही तोंड-डोळे कोरडे पडतात. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या सोबतच कराव्यात, दोन्ही आजार शोग्रेनसारखे दिसतात. ल्युपससाठी डीएस-डीएनए, सी३, सी४ आणि लघवीतलं प्रोटीन.

पायरी ७: हाडं, खडे आणि किडनीची बायोप्सी

काही जणींना लुळेपणाचा झटका कधीच येत नाही. त्यांच्या तक्रारी निराळ्या असतात. मांड्या, बरगड्या, कंबर दुखते, जमिनीवरून हाताला टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, चाल बदकासारखी होते. वर्षानुवर्षं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू असतं आणि गुण येत नाही. अ‍ॅसिडोसिस सुधारल्याशिवाय हाडं भरत नाहीत. नुसत्या कॅल्शियमने लघवीतलं कॅल्शियम मात्र वाढतं. मांडीच्या हाडाच्या किंवा कटीच्या एक्स-रेवर कडेला आडवी फट दिसली, तर ती ऑस्टिओमलेशियाची, म्हणजे हाडं मऊ पडण्याची, खूण. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल तर जीजीटी हे यकृताचं एन्झाइमही बघावं. जीजीटी नॉर्मल असेल तर वाढ हाडांतून, तेही वाढलेलं असेल तर यकृताकडे वळावं आणि एएमए ही प्रतिपिंडांची तपासणी करून प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस (यकृतातल्या पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार) आहे का ते पाहावं.

दोन्ही किडन्यांत अनेक खडे, पुन्हा पुन्हा होणारे खडे किंवा सोनोग्राफीत 'मेड्युलरी नेफ्रोकॅल्सिनोसिस' असा उल्लेख असेल तर बायकार्बोनेट तपासल्याशिवाय राहू नये. काढलेला खडा फेकू नका, त्याचं पृथक्करण करून घ्या. शुद्ध कॅल्शियम फॉस्फेट आलं तर आरटीएचा संशय बळावतो.

बायकार्बोनेट नॉर्मल असूनही संशय कायम असेल, तर अपूर्ण प्रकार (नलिकेत दोष आहे, पण रक्तात आम्ल अजून साचलेलं नाही) ओळखण्यासाठी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन १ मिलिग्रॅम तोंडाने देऊन पुढचे पाच-सहा तास दर तासाला लघवीचा पीएच मोजतात. एकदाही ५.३ च्या खाली गेला नाही तर दोषाचा संशय बळावतो. ही चाचणी पोटॅशियम भरून आल्यावर, देखरेखीखालीच करायची.

नुसत्या आरटीएसाठी किडनी बायोप्सी लागत नाही. क्रिएटिनिन वाढत असेल किंवा लघवीत प्रोटीन वा रक्त येत असेल तर ती लागते. नलिकांभोवतीची सूज सक्रिय असेल तर स्टेरॉइडचा निर्णय नेफ्रॉलॉजिस्ट आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट मिळून घेतात.

पायरी ८: औषधाची बाटली नीट वाचणे

मूळ उपचार म्हणजे रोज अल्कली, किलोमागे १ ते २ मिलिमोल, दिवसातून तीनदा विभागून, मुख्यतः पोटॅशियम सायट्रेटच्या रूपात. ५० किलोला ५० ते १०० मिलिमोल होतात. मात्रा डॉक्टर रिपोर्टांवरून ठरवतात. ११०० मिलिग्रॅम प्रति ५ मिली अशा सिरपमध्ये दर ५ मिलीला साधारण १० मिलिमोल पोटॅशियम असतं. पाण्यात पातळ करून, जेवणानंतर घ्यावं, नाहीतर पोटात जळजळ होते. सोडाबायकार्बच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत जवळपास ६ मिलिमोल अल्कली असतं, पण सोडियम जास्त झालं तर लघवीतून पोटॅशियम आणि कॅल्शियमही जास्त जातं, म्हणून ती जोडीला घेतात.

मेडिकलच्या दुकानात एक अदलाबदल वारंवार होते. 'लघवीचं सायट्रेट सिरप' म्हणून डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटची बाटली हातात पडते. त्यात पोटॅशियम नसतंच. लेबलवर 'पोटॅशियम सायट्रेट' हेच शब्द असल्याची खात्री करा. पोटॅशियम क्लोराइडचं सिरप झटक्यानंतर उपयोगी पडतं, पण ते आम्ल शमवत नाही. कायमचा उपचार त्याच्यावर सोडता येत नाही. एका केळ्यातून साधारण १० मिलिमोल पोटॅशियम मिळतं. शहाळं-केळी जरूर खा, औषध मात्र सुटू नये.

लक्ष्य: बायकार्बोनेट २२ ते २४, पोटॅशियम ४ च्या आसपास. सुरुवातीला आठवड्याने, मग स्थिर होईपर्यंत दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी तपासणी ठेवावी. रक्त सकाळच्या डोसआधी द्यावं. क्रिएटिनिन वाढू लागलं किंवा रक्तदाबासाठी पोटॅशियम राखणारं औषध सुरू झालं, तर हेच सिरप पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढवू शकतं, म्हणून नव्या प्रत्येक डॉक्टरला ते दाखवावं. दुखण्यासाठी मनाने पेनकिलर घेऊ नये आणि पित्ताच्या गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवू नयेत. दोन्ही किडनीच्या याच भागाला सूज आणू शकतात.

पर्समध्ये एक कार्ड असावं. त्यावर निदान, रोजचा डोस, शेवटचं पोटॅशियम आणि बायकार्बोनेट, आणि ठळक अक्षरांत: 'डेक्स्ट्रोज सलाईन नको, आधी पोटॅशियम, नंतर बायकार्बोनेट'. उलट्या-जुलाब सुरू झाले आणि औषध पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी पोटॅशियम तपासावं.

गर्भधारणेचा विचार असेल तर अँटी-रोचा रिपोर्ट प्रसूतितज्ज्ञांना आधीच दाखवा. ही प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत जातात आणि शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयात ब्लॉक होतो, म्हणून साधारण १८ ते २६ आठवड्यांदरम्यान बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू असेल तर ते स्वतःहून थांबवू नये.

शोग्रेनमध्ये लिम्फोमाचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त असतो. कानाखालची सूज उतरता उतरत नसेल, एकाच बाजूला कडक गाठ लागत असेल, सी४ सतत कमी येत असेल, किंवा कारणाशिवाय वजन उतरत असेल आणि रात्री घाम येत असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जाऊन त्या जागेची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी करून घ्यावी.